दत्तू त्या सकाळी आखाड्यात गेला नव्हता

अहो, काल तुमचं तेरावं झालं. मांडव अजून उतरवलेला नाही, परड्यात मोठी पातेली पालथी घातलीत आणि मी मागच्या खोलीत दार लावून बसलेय. सगळ्यांना वाटतंय मी झोपलेय. वाटू दे.

काल भरल्या मांडवात मी दोन वाक्यं बोलले. तुम्ही असतात तर माझा हात धरून खाली बसवलं असतंत. नव्हतात, म्हणूनच बोलले. पुढे काय झालं ते तुम्हाला सांगायचंय. पण त्याआधी मला तुमच्याशी भांडायचंय. आपलं भांडण अर्धं राहिलंय, आणि ते अर्धं टाकून निघून जायचा तुम्हाला काही एक अधिकार नव्हता.

हे दोन आठवडे माणसं येतायत. सोप्यात अण्णांसमोर बसतात, मान हलवतात, "सदा लय शांत माणूस. कुणाच्या अध्यात न्हाई, मध्यात न्हाई," असं म्हणतात आणि चहा पिऊन जातात. अण्णा उपरण्याने डोळे पुसतात. खरंच पुसतात बरं का, सोंग नाही ते. वडील गेल्यावर थोरल्या भावाने तुम्हाला पोटच्या पोरासारखं वाढवलं, हे काही खोटं नाही. आपलं लग्नही त्यांनीच जमवलं. साताऱ्याला आमच्या घरी मला बघायला आले तेव्हा माझ्या वडिलांना म्हणाले होते, "पोरगं मुखदुर्बळ हाय आमचं. तुमची लेक बोलकी हाय. बरं जमंल." मला तेव्हा फार आवडले होते ते. घरचा ऊस, एकुलता धाकटा भाऊ, अंगाने धिप्पाड, आणि सून शाळेत शिकवणार म्हटल्यावर ज्यांच्या कपाळाला आठी पडली नाही असे दीर. आणखी काय हवं होतं एका सातारकर मुलीला?

तुम्ही मला पहिल्या दिवसापासून "बाई" म्हणालात. सगळी शाळा म्हणते, मग मीच का न्हाई, हे तुमचं म्हणणं. मी चिडायचे. वर्गातून सुटून घरी यावं तर घरीही बाईच! पण तुम्ही तसं म्हणताना जरा हसायचात आणि तुमचं हसू तसं महाग होतं, म्हणून मी ते चालवून घेतलं.

एक सांगते. तुम्ही नवरा म्हणून कसे होता, असं मला कुणी विचारलं तर मी तुमचे हात सांगीन. पैलवानाचे हात. शाळेतून पाच मैल सायकल मारून आले की तुम्ही मला खाटेवर बसवायचात आणि तळपायाला तेल लावून अंगठ्याने असे रेटायचात की डोक्यापर्यंत झिणझिण्या जायच्या. बायकोचे पाय चेपतो म्हणून भावकी हसली. तुम्ही म्हणालात, तालमीत वस्तादाचे चेपले, मग हिचे चेपले तर काय बिघडलं? माझ्या आईने हे ऐकलं तेव्हा ती रडली होती. मी तर स्वतःला भाग्यवान समजत होते, आणि अजूनही समजते. तुमच्यावर कितीही संताप आला तरी ते काही पुसलं जात नाही.

आता त्या शनिवारावर येते.

शनिवारी बातम्या झाल्या की ती गुप्तहेरांची मालिका लागायची. उन्हाळ्यातसुद्धा छत्री घेऊन फिरणारे म्हातारे इन्स्पेक्टर, आणि दर भागात एक जुना, धूळ खात पडलेला खून. आपली पैज ठरलेली. जाहिराती लागायच्या आत मी खुनी ओळखायचा. बरोबर निघाला तर चहा तुम्ही करायचा, चुकला तर मी. मी सहसा चुकायची नाही. तुम्ही तर ओळखायच्या भानगडीतच पडत नव्हतात. "मला समदीच गरीब वाटत्यात," म्हणायचात आणि पहिल्या जाहिरातीपर्यंत घोरायला लागायचात.

त्या शनिवारी तुम्ही घोरला नाहीत. पाचगणीसारखं थंड हवेचं कुठलंसं गाव, तिथली मोठी शाळा, शाळेत गाणं शिकवणारा तरुण मास्तर. पंचवीसेक वर्षांपूर्वी एका सकाळी तो कड्याखाली सापडलेला. धुक्यात पाय घसरला, अशी तेव्हा नोंद झालेली. आणि आता एक म्हातारा माणूस चौकीत येऊन म्हणतो, साहेब, तो कड्याकडे जाणारच नाही, त्याला उंचीची भीती वाटायची. इन्स्पेक्टर विचारतात, तुम्हाला कसं ठाऊक? इन्स्पेक्टर छत्री भिंतीला टेकवतात, त्याला खुर्ची देतात, पाण्याचा पेला पुढे करतात आणि म्हणतात, "बसा. सावकाश सांगा." मग तो सांगतो. त्या दोघांची दोस्ती वेगळी होती, एवढंच शब्द वापरून सांगतो. पण त्या नटाने डोळे असे काही उचलले की मला कळलं.

मी म्हटलं, "शाळेचा तो जाड मालक. त्यानेच मारलंय."

तुम्ही म्हणालात, "भावानं मारलंय. ह्या म्हाताऱ्याच्या भावानं."

"कशावरून?"

"घरचाच माणूस असतोय, बाई."

आणि भाऊच निघाला. तुम्ही आयुष्यात पहिल्यांदा खुनी ओळखलात, म्हणून मी खुशीत उठले, चहा टाकला, आलं घालून दोन कप घेऊन आले. तुम्ही बंद टीव्हीसमोर बसून रडत होतात. तुमचा बाप गेल्याचं मी पाहिलं नाही, पण आई गेली तेव्हा तुम्ही रडला नव्हतात. मी कप खाली ठेवले. विचारलं नाही. तुम्हाला विचारून काही मिळत नाही हे इतक्या वर्षांत शिकले होते.

दुसऱ्या दिवशी रविवार. उसाला पाण्याची पाळी होती. मी भाकरी घेऊन आले, तुम्ही सरीत उभे राहून पाण्याची दारं मोडत होतात. माझ्याकडे न बघता म्हणालात, "दत्तू तालमीत मेला न्हाई, बाई."

दत्तू म्हणजे तुमचा जोडीदार पैलवान, एवढं मला ठाऊक होतं. आपल्या लग्नाच्या वर्षभर आधी तालमीत सरावाची कुस्ती करताना मानेवर पडून गेला, हे गावात कुणीही सांगायचं. त्याचा हार घातलेला फोटो तालमीत मारुतीशेजारी होता. तुम्ही त्यानंतर पुन्हा कधी आखाड्यात उतरला नाहीत, दारातूनच हात जोडायचात, हेही मी पाहिलं होतं. दोस्त गेला, मन उडालं, असं सगळे म्हणायचे आणि मीही तेच मानत होते.

मग तुम्ही मला तालमीतला रिवाज समजावून सांगितलात. सावकाश, मी जणू पहिलीतली पोर. आखाडा मारुतीचा. जो कुणाजवळ निजून आला, त्याने दुसऱ्या सकाळी त्या मातीत पाय ठेवायचा नाही. लग्न झालेले पैलवान अशा दिवशी बाहेर पायरीवर बसून राहायचे आणि पोरं त्यांच्याकडे बघून फिदीफिदी हसायची.

"दत्तू त्यो नेम पाळायचा," तुम्ही म्हणालात. "बाईमाणूस नव्हतं, कोण इचारणार हुतं त्याला? पर त्यो म्हणायचा, मारुतीला कुठं फसवतोस गड्या? आदल्या सांजंला आमी दोघं नदीकडंच्या इंजनाच्या खोपीत हुतो. सकाळी त्यो आखाड्यात उतरणारच नव्हता. मेला असता तरी उतरला नसता."

मी बांधावर बसले. भाकरीचं फडकं माझ्या हातातच होतं.

"कृष्णेत टाकला असता ना, तर मला कवा कळलंबी नसतं," तुम्ही म्हणालात. "पोहताना गेला म्हणून रडलो असतो आन गप बसलो असतो. पर त्येनी त्याला लंगोट नेसवून मातीत निजवला. पैलवान हाय, पैलवानासारखा जाऊ दे, असं वाटलं असंल. तेवढीच चूक झाली त्येंची."

"त्यांची म्हणजे कुणाची?"

"अण्णा मला उठवायला आलं तवा न्हाऊन आलं हुतं. म्हणालं, ऊठ, दत्तू तालमीत पडलाय. आन तालमीचं दार अजून कुणी उघडलंबी नव्हतं."

मग फावडं उचललंत आणि पुढच्या सरीचं दार मोडलंत. पाणी काही थांबत नाही कुणासाठी.

मी घरी आले आणि घासलेली भांडी परत घासली. मला काय वाटलं ते तुम्ही कधी विचारलं नाहीत, म्हणून आज सांगते. आधी अंगाची लाही लाही झाली. म्हटलं, मग मी कोण? तुमच्या घरात मी काय म्हणून आले? कुणीतरी पुरावा बुजवायला टाकलेली माती? त्याच अण्णांच्या पाया मी दर सणाला पडत होते! आठवडाभर मी तुमच्याशी बोलले नाही. ताट आपटून वाढायचे, तुम्ही मुकाट जेवायचात. शेवटी मीच म्हटलं, "इतकी वर्षं पोटात ठेवलंत, मग आता तरी कशाला सांगितलंत?" तुम्ही म्हणालात, "तू हायेस म्हणून सांगितलं. दुसरं हाय कोण मला?"

यावर भांडायचं कसं? तुम्ही असंच करायचात. मी भांडायला पदर खोचून उभी राहायचे आणि तुम्ही असं काहीतरी बोलून जायचात.

पण मग मी पाठ सोडली नाही. जा म्हटलं. पोलिसांत जा. दत्तूची आई मरेपर्यंत सांगत राहिली, माझ्या पोराची मान माझ्याच दृष्टीनं मोडली, मीच त्याला सारखी बघत बसायची. त्या माऊलीला तरी कुणी सांगायला हवं होतं. तुम्ही म्हणायचात, अण्णांनी मला वाढवलं. मी म्हणायचे, आणि दत्तूला कुणी वाढवलं नव्हतं? त्याला काय वाऱ्याने आणून टाकलं होतं? तुम्ही म्हणायचात, विजयचं काय. आपला विजय लष्करात, सीमेवर, त्याच्या कानावर गेलं तर? मी म्हणायचे, गेलं तर गेलं. चुलता खुनी आहे, बाप नाही, एवढं तरी कळेल.

तुम्ही राजी झालात ते माझ्यामुळे नाही, हे मला माहीत आहे. "त्यो इन्स्पेक्टर कसा, बसा म्हणाला," असं तुम्ही दोनदा बोललात. त्या एका खुर्चीवर आणि पाण्याच्या पेल्यावर तुमचा जीव बसला होता. खुनी पकडला जावा असं तुम्हाला फारसं वाटत नव्हतं. एकदा कुणीतरी खाकीतल्या माणसाने समोर बसवावं आणि सगळं ऐकून घ्यावं, एवढीच तुमची इच्छा होती. मी चुकले असं मी म्हणणार नाही. त्या इच्छेसाठी मी तुम्हाला पुन्हा घेऊन जाईन.

सांगलीला गेलो. पांढरा सदरा, नवीन टोपी, जसे काही लग्नाला निघालात. ज्या साहेबांकडे कुणीतरी पाठवलं ते तरुण होते, बाहेरगावचे, बोलायला आधी बरे वाटले. बसा मात्र म्हणाले नाहीत. टेबलासमोर बाक होता, त्यावर मीच बसले आणि तुम्हाला ओढून बसवलं. त्यांनी ऐकलं. प्रेत जाळून तीस-पस्तीस वर्षं झाली, कागद नाही, पंचनामा नाही, बघितलं कुणी नाही. "आजोबा, तो आखाड्यात गेला नव्हता हे तुम्हाला कसं माहीत?"

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मी उठले. म्हटलं, मी बाहेर थांबते, म्हणजे यांना बोलता येईल. तुम्ही माझं मनगट धरलंत. "बस. तुझ्यासमोर सांगतो." आणि सांगितलंत. दोस्ती वेगळी होती वगैरे नाही. खोपीतलं सांगितलंत, नेमाचं सांगितलंत, मान वर करून, न अडखळता. अहो, तुम्ही ग्रामसभेत कधी तोंड उघडलं नाहीत! मला तेव्हा तुमचा एवढा अभिमान वाटला की मीच रडायला लागले.

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. "हे जे तुम्ही सांगताय ना, तो गुन्हा आहे. तुमचा. आधी हा लिहून घेऊ का? खुनाचं मग बघू. मुलगा काय करतो?"

"मिल्ट्रीत हाय."

"मग?" साहेब म्हणाले. वर हसलेसुद्धा. "टीव्ही कमी बघत जा, आजोबा."

स्टँडवर तुम्ही भडंग घेतलंत. पुडी फाडून बाकावर बसून आपण दोघांनी खाल्लं. तुमच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तुम्ही म्हणत होतात, "लय तिखट केलंय यंदा." मी म्हटलं, हो, फार तिखट आहे.

आणि मग अण्णांना कळलं. कुणी कळवलं देव जाणे. आठवडा झाला नसेल, संध्याकाळी सोप्यात येऊन बसले. मी चौकटीत उभी, तुम्ही खाटेवर.

"सांगलीला गेला हुतास म्हणं."

"व्हय."

"काय मिळालं?"

"काय न्हाई."

अण्णांनी काठीच्या मुठीवर हात चोळला. मग म्हणाले, "मारायचं न्हवतं रं. समज द्यायची हुती. आमी तिघं हुतो, बाकी दोघं कवाच गेलं. त्यो ऐकंनाच. आमी म्हणलं, सदाला सोड, गाव सोड. तर म्हणतो कसा, सदाला इचारा. त्यो म्हणला तर जातो." "तुला कशाला इचारायचं आमी? तू काय म्हणला असतास ते आमाला म्हाईत न्हवतं व्हय? तुजं घर झालं. पोर झालं. बाईंसारखी बायकू मिळाली. आता सांग, बरं केलं का वाईट?"

मालिकेत खुनी कबूल झाला की संगीत वाजतं, हातात बेड्या पडतात आणि पुढच्या शनिवारपर्यंत सगळं मिटतं. आपल्या सोप्यात अण्णा कबूल झाले आणि म्हणाले, "जरा चहा टाका."

मी जागची हलले नाही. मेले असते तरी टाकला नसता. तुम्ही उठलात. आत गेलात, स्टोव्ह पेटवलात, पातेल्यात साखर टाकल्याचा आवाज मी ऐकला. कप भरून आणून अण्णांच्या हातात दिलात. बशीतसुद्धा सांडला नाहीत.

का?

इथेच आपलं भांडण अडकलंय. मी त्या दिवसापासून विचारत राहिले, तो चहा तुम्ही का केलात? ओरडून विचारलं, जेवताना विचारलं, हात जोडून विचारलं. एकदा म्हणालात, "थोरलं हायत." एकदा म्हणालात, "म्हातारं झाल्यात." एकदा नुसते उठून गोठ्यात गेलात. यातलं एकही उत्तर मी घेणार नाही. माणसाने इतकं सोसू नये. ज्याने दत्तूचा गळा धरला त्याला साखर किती हवी हे तुम्हाला पाठ असावं, हे मला अजून सहन होत नाही. आणि तरी मला माहीत आहे, तुम्ही तसेच होता. हाताला राग नव्हता तुमच्या. माझ्या पायांना जे हात लागले तेच त्या कपाला लागले. मी यातलं कुठलं ठेवू आणि कुठलं टाकू, ते सांगायला तरी थांबायचं होतंत.

त्यानंतर तुम्ही शेताकडे गेलाच नाहीत म्हटलं तरी चालेल. शनिवारी मी टीव्ही लावायची तर तुम्ही कूस बदलायचात. छातीत दुखायला लागल्यावर सांगलीच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, हृदय आधीपासूनच दमलेलं आहे. मी म्हटलं, हो, ते मला माहीत आहे. शेवटच्या दुपारी मी तुमच्या पायथ्याशी बसून तळव्यांना तेल लावत होते. तुम्ही डोळे न उघडता म्हणालात, "तसं न्हाई बाई. अंगठ्यानं रेट." मी अंगठ्याने रेटलं. "आता बरं," म्हणालात. एवढंच. मी वाट बघत होते की आता तरी काही बोलाल. दत्तूचं, अण्णांचं, माझं. दिवेलागणीला गेलात.

विजयला यायला उशीर झाला, रजा मिळून, गाड्या बदलून. तोवर थांबता येईना. तुम्हाला अग्नी अण्णांनी दिला. मी कुणाला काय सांगणार होते? थोरल्या भावाचा मानच तो.

आणि काल तेरावं. गोडजेवणाच्या पंगती बसल्या, विजय पाणी वाढत होता. अण्णा उभे राहिले. म्हणाले, आपल्या तालमीत सदाचा फोटो लावायचा, दत्तूच्या शेजारी. "दोन रत्नं हुती ह्या तालमीची. एक आखाड्यात गेलं, एक आज गेलं." लोकांनी माना डोलावल्या.

मी आतून बाहेर आले. मांडवाच्या मधोमध उभी राहिले आणि वर्गात बोलते त्या आवाजात म्हणाले, "दत्तू त्या सकाळी आखाड्यात गेला नव्हता. त्याला मारून तिथे नेऊन टाकलं होतं."

वाढप्याचा हात तसाच थांबला. अण्णा पत्रावळीकडे बघत खाली बसले. विजयने माझ्याकडे पाहिलं नाही, तो पाणी वाढत होता, वाढत राहिला. मी थांबले. आता कुणीतरी विचारणार, कशावरून? माझ्याकडे सगळी उत्तरं तयार होती. काहीही झालं तरी तुमचं नाव मी खाली पडू देणार नव्हते, पण दत्तूचंही नाही. फक्त एकाने विचारायला हवं होतं.

कुणीच विचारलं नाही. मी ओळीने सगळ्यांच्या तोंडाकडे बघत गेले. एकाच्याही चेहऱ्यावर नवल नव्हतं. तुम्हाला कळतंय का? एकाच्याही!

तालमीतले सगळ्यांत म्हातारे बापू, तुमच्याच बरोबरीने मातीत लोळलेले, ते गुडघ्यावर हात ठेवून उठले आणि माझ्याजवळ आले. हळू म्हणाले, "म्हाईत हाय, बाई."

"काय माहीत आहे?"

"समदं. त्ये दोघं एकाच दिशी पायरीवर बसायचं, सदा आन दत्तू. लगीन न्हाई, काय न्हाई, आन दोघं बी एकाच दिशी मातीत उतरायचं न्हाईत. पोरं लय हसायची. तालमीत काय लपतंय व्हय? त्या दिशी बी दत्तू उतरणार न्हवता, हे आमाला समद्यास्नी ठावं हुतं. आमीच उचलला त्याला. अंगाला घाम न्हवता, माती नुसती झडत हुती."

"मग बोलला का नाहीत कुणी?"

बापूंनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी वर्गात अगदीच खुळ्या प्रश्नाकडे बघते. "समद्यास्नी म्हाईत हाय ते कुणाला सांगायचं?" मग माझ्या खांद्याला हात न लावता, नुसता हवेत धरून म्हणाले, "बसा आता. पंगत खोळंबलीया."

आणि पंगत सुरू झाली. वाढप्याने बुंदी वाढली. पलीकडून कुणीतरी मठ्ठा मागितला. मी आत आले. विजयलाही सगळ्या गावासारखं लहानपणापासून माहीत होतं का, हे विचारायला मी पुन्हा बाहेर गेले नाही. त्याची गाडी आज सकाळची होती. पाया पडला आणि गेला.

अहो, तुम्ही ओठ दाबून जे जपलंत, ते तुमच्याशिवाय प्रत्येकाला उघडं दिसत होतं. तुम्ही अण्णांना वाचवत होतात, विजयला वाचवत होतात, मला वाचवत होतात, आणि तुमच्या आजूबाजूला सगळं गाव ते माहीत असून तुमच्याशी उसाचे भाव आणि पावसापाण्याचं बोलत होतं. तुम्ही एकटे नव्हतात. ही चांगली बातमी म्हणून सांगावी तर माझ्या तोंडून निघत नाही. एकटे असतात तर बरं झालं असतं. निदान तुम्ही बोलल्याने काही झालं असतं.

मी म्हणे दर शनिवारी खुनी ओळखायची! ज्या घरात तीस वर्षं राहिले तिथलं मला सोडून सगळ्यांना कळलेलं होतं. दत्तूची आई गेल्यावर साऱ्या गावात ज्याला माहीत नव्हतं असं एकच माणूस होतं, ते मी. आणि मला सांगावं असं ज्याला वाटलं, तेही एकच माणूस होतं. आता इथे सगळ्यांना माहीत आहे, आणि सांगणारं कुणी उरलं नाही.